मोठ्या फायलींची रवानगी आणि रुजवात

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते तेथे, कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले आणि गावभागात राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या तळमजल्यावरची तीन कपाटे कित्येक दिवस त्या पाण्यात उभी राहिली. त्यांच्या दिवाणखान्यात पूर्वी झालेल्या गाण्याच्या खासगी बैठकींच्या लहान व्हिडिओ कॅसेटी त्या कपाटांत होत्या; पाणी ओसरल्यावर त्यांतली एकही लावण्याजोगी राहिली नव्हती. सुदैव इतकेच, की नऊ कॅसेटी त्यांनी २००५ साली घेतलेल्या संगणकावर पूर्वीच उतरवून ठेवल्या होत्या आणि तो संगणक माडीवर होता. म्हणजे आता जो काही दस्तऐवज उरला, तो सर्वस्वी त्या एका वृद्ध यंत्राच्या पोटात. त्याची एक प्रत, कृष्णेचा पूर जेथे पोचत नाही अशा साताऱ्यात, माझ्या घरी आणून ठेवावी असे आम्ही ठरविले. काम एका दुपारचे वाटले होते. ते पुरे व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले.

या तीन आठवड्यांत जे समजले ते येथे तपशीलवार मांडण्याचे कारण असे, की आमच्या या दोन्ही जिल्ह्यांत अशी घरे पुष्कळ आहेत, जेथे कोणाच्या लग्नाचे, कोणाच्या शाळेतील स्नेहसंमेलनाचे, रंगपंचमीच्या दिवशी निघणाऱ्या बावधनच्या बगाडाचे, किंवा आता हयात नसलेल्या आजीच्या बोलण्याचे चित्रीकरण एखाद्या जुन्या संगणकात पडून आहे, आणि ते बाहेर काढण्याचा प्रयत्न एकदोनदा फसल्यावर घरच्यांनी हात टेकले आहेत. हात टेकण्याची आवश्यकता बहुधा नसते.

फाइल जाता जाता थांबली, की आपण तीच कृती पुन्हा करतो, पुन्हा थांबली की पुन्हा करतो, आणि अखेरीस 'संगणक जुना झाला' असा निकाल देऊन मोकळे होतो. माझी वाचकांना पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती अशी, की दुसऱ्यांदा प्रयत्न करण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि फाइल कोठे थांबली ते लिहून ठेवावे : किती आकार गेला होता, किती वेळ झाला होता, पडद्यावर कोणते शब्द आले होते. वैद्य नाडी पाहतो तसे हे आहे. थांबण्याची जागा प्रत्येक वेळी एकच असेल तर तिचे कारण वेगळे, आणि ती दर वेळी बदलत असेल तर वेगळे. शिवाय काही कारणे अशी आहेत की त्यांचा आकडा ठरलेला असतो, व तो ओळखता आला की अर्धे काम झाले. आमच्या स्नेह्यांनी शंभरपानी वहीत केलेली पहिली नोंद अशी होती : 'कॅसेट १. १३ जीबी. सुरूच झाली नाही. जागा अपुरी म्हणतो. पेन ड्राइव्ह ३२ जीबी, कोरा.'

कोऱ्या पेन ड्राइव्हवर जागा अपुरी कशी, या प्रश्नाचे उत्तर त्या ड्राइव्हच्या नोंदवहीत आहे. कोणत्याही डिस्कवर फायली कोठे ठेवल्या आहेत याची एक खतावणी असते आणि ती लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. त्यांपैकी फॅट-३२ ही पद्धत १९९६ साली विंडोज-९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली व आजही लहान पेन ड्राइव्हवर आणि कॅमेऱ्यांच्या कार्डांवर तीच आढळते. या खतावणीत फाइलीची लांबी लिहिण्यासाठी द्विमान पद्धतीच्या ३२ अंकांचाच रकाना राखलेला आहे, आणि त्या रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ ही होय. याहून एका बाइटनेही मोठी फाइल तेथे नोंदताच येत नाही. मग ड्राइव्ह ३२ जीबीचा असो वा ५०० चा. विंडोजच्या पुढच्या आवृत्त्या 'फाइल फार मोठी आहे' असे सरळ सांगतात. परंतु विंडोज एक्सपी मात्र अशा वेळी जागा अपुरी असल्याचे सांगते, आणि त्यामुळे मनुष्य भलत्याच दिशेला, म्हणजे मोठा ड्राइव्ह विकत आणायला, धावतो. चार जीबी म्हणजे किती, हे त्या छोट्या डीव्ही कॅसेटींच्या हिशेबाने सांगायचे तर तासाभराची कॅसेट उतरविली की तिची सुमारे १३ जीबीची फाइल होते. तेव्हा जेमतेम वीस मिनिटांच्या चित्रणातच ती हद्द संपते. विलंबित ख्याल पुरा होण्याआधीच म्हणा ना.

आमचे स्नेहीही बाजारात गेले आणि ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन आले. तो लावताच एक्सपीने, या ड्राइव्हला फॉरमॅट केलेले नाही, आता करू काय, असे विचारले. त्यांनी 'नाही' म्हटले आणि मला दूरध्वनी केला, हे फार चांगले केले. कारण फॉरमॅट करणे म्हणजे खतावणी नव्याने लिहिणे, आणि ड्राइव्हवर आधीचे काही असले तर त्याचा ठावठिकाणा त्याबरोबर जातो. वास्तविक तो ड्राइव्ह एक्सफॅट या २००६ सालच्या पद्धतीचा होता. ती जुन्या एक्सपीला मुळात वाचता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने मागाहून काढलेली एक पुरवणी बसवावी लागते. तेव्हा जुना संगणक असेल, तर ज्यावर माल न्यायचा ती डिस्क एनटीएफएस या, चार जीबीची अट नसलेल्या व एक्सपीलाही वाचता येणाऱ्या पद्धतीची असणे सर्वांत सोयीचे. ती कोणती आहे हे पाहण्यासाठी 'माय कॉम्प्युटर' उघडून ड्राइव्हच्या नावावर माउसची उजवी कळ दाबावी व 'प्रॉपर्टीज' पाहावे; 'फाइल सिस्टिम' या शब्दांपुढे तिचे नाव लिहिलेले असते. कोरा ड्राइव्ह असेल तर तो नव्या संगणकावर एनटीएफएस करून आणावा. आधीच भरलेला असेल तर विंडोजमध्ये 'कन्व्हर्ट' नावाची आज्ञा आहे, ती आतील फायली न पुसता फॅट-३२ चे एनटीएफएस करते. तथापि तीही वापरण्यापूर्वी आतील माल दुसरीकडे उतरवून घ्यावा, कारण मध्येच वीज गेली तर तिची खात्री कोणी देऊ शकत नाही.

फॅट-३२ चाच ड्राइव्ह वापरणे भाग असेल, उदाहरणार्थ घरच्या जुन्या टीव्हीला दुसरा चालत नसेल, तर फाइलीचे तुकडे करावेत. सेव्हन-झिप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. तुकड्याचा आकार ४००० एमबीच्या आत ठेवावा, आणि 'कॉम्प्रेशन'च्या जागी 'स्टोअर' निवडावे, म्हणजे जुन्या प्रोसेसरला फाइल दाबून लहान करण्याचा व्यर्थ खटाटोप पडत नाही. तुकडे थेट पेन ड्राइव्हवरच तयार होऊ द्यावेत, नाहीतर आधीच भरत आलेल्या मूळ डिस्कवर त्यांना जागा पुरत नाही. मात्र पलीकडे जोडताना सर्व तुकडे हाताशी लागतात. एक हरवला तरी आख्खी फाइल उभी राहत नाही.

चारच्या आकड्याप्रमाणेच दोनचा आकडाही ओळखून ठेवावा. काही जुनी सॉफ्टवेअरे फाइलीची लांबी मोजताना त्याच ३२ अंकांतील एक अंक अधिक-उणे या चिन्हासाठी राखीत, त्यामुळे त्यांची धाव २,१४,७४,८३,६४७ बाइटांपर्यंत, म्हणजे दोन जीबीपर्यंतच पोचे. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीने मोठी फाइल उतरवू पाहणाऱ्यांना हा अनुभव येत असे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की वेव्ह या फाइलीच्या स्वतःच्या रचनेतच चार जीबीची मर्यादा आहे. ड्राइव्ह कोणत्याही पद्धतीचा असला तरी ती टळत नाही. सीडीच्या दर्जाचे मुद्रण पावणेसात तासांनी तेथे पोचते. पण ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांच्या उच्च दर्जाने मुद्रण केले तर दोन तासांपेक्षा थोड्याच अधिक वेळात. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या संगीतसभेसारखी रात्रभराची बैठक ज्यांना मुद्रित करावयाची आहे, त्यांनी प्रत्येक कलावंताची फाइल स्वतंत्र ठेवण्याची तजवीज आधीच करावी.

मी साताऱ्याहून एनटीएफएसची एक छोटी हार्ड डिस्क घेऊन सांगलीस गेलो, तेव्हा पहिल्या दोन फायली बिनबोभाट उतरल्या आणि तिसरी थांबली. वहीत नोंद झाली : एकदा तीन जीबीवर, एकदा नऊवर, एकदा सुरुवातीलाच. जागा बदलते आहे, म्हणजे दोष फाइलीत नाही, वाटेत आहे. जुन्या संगणकात अशा वेळी प्रथम विजेचा पुरवठा पाहावा. यूएसबीच्या दुसऱ्या पिढीतील जोडणी नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर विद्युत्प्रवाह देते, आणि फिरती हार्ड डिस्क वेग घेताना बहुधा त्याहून अधिक मागते. त्यातून आम्ही ती पुढच्या बाजूच्या खाचेत लावली होती, जेथे मदरबोर्डपासून आलेली बारीक तार वर्षानुवर्षे सैल होत असते. डिस्क काढून मागच्या बाजूस, मदरबोर्डवरच असलेल्या खाचेत, दोन तोंडांच्या केबलने लावली, मध्ये असलेला विस्तारक काढून टाकला, आणि तिसरी फाइल गेली. याखेरीज कॅबिनेट उघडून आतील पंख्यावरची धूळ कोरड्या कुंचल्याने काढावी. वैशाखात, बंद खोलीत, दोनदोन तास चाललेल्या नकलेच्या वेळी प्रोसेसर तापून यंत्र एकाएकी बंद पडणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि ते पुन्हा सुरू केल्यावर सर्व काही ठीक दिसत असल्यामुळे तिचे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री नक्कल लावून झोपणाऱ्यांनी 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन संगणक स्वतःहून निद्रिस्त होणार नाही असे करून ठेवावे. आणि जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही अशा गावी, बॅटरी शाबूत असलेल्या यूपीएसशिवाय तासाभराहून मोठे काम आरंभूच नये.

चौथी आणि पाचवी फाइल गेली. सहावीची नोंद मात्र वेगळी होती : तीन प्रयत्न, तिन्ही वेळा सात जीबीच्या जवळपास, आणि पडद्यावर 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' हे शब्द. याचा अर्थ, मूळ डिस्कवरचा तेवढा भाग वाचता येत नाही. येथे वाचकांनी थांबावे. चौथा प्रयत्न करू नये, डिस्क दुरुस्त करणारी आज्ञा तर मुळीच देऊ नये. कारण तिचा हेतू खतावणी नीटनेटकी करण्याचा असतो, आपले गाणे वाचविण्याचा नव्हे. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल तर संगणक तत्काळ बंद करावा आणि ती जाणत्याच्या हाती द्यावी. आवाज नसेल, तर प्रथम बाकीच्या सर्व चांगल्या फायली सुखरूप बाहेर काढाव्यात आणि आजारी फाइल शेवटी हाताळावी. आम्ही तसेच करणार होतो; पण त्या तीन प्रयत्नांचा एक परिणाम असा झाला, की सगळा संगणकच मंदावला, माउसचा बाणही अडखळू लागला, आणि पूर्वी अर्ध्यापाऊण तासात जाणाऱ्या फाइलीला तीनचार तास लागतील असे दिसू लागले.

हे कोडे एक्सपी वापरणाऱ्या पुष्कळांना पडले असेल, म्हणून त्याचा उलगडा सांगतो. हार्ड डिस्ककडून माहिती घेण्याचे दोन मार्ग आहेत : एक डीएमए, ज्यात ती प्रोसेसरला न शिणविता सरळ स्मृतीत जाते, दुसरा पीआयओ, ज्यात प्रोसेसरला ती ओंजळीओंजळीने स्वतः वाहावी लागते. वाचनात एकूण सहा चुका झाल्या की एक्सपी पायरीपायरीने जलद मार्ग सोडते आणि अखेर पीआयओवर येऊन बसते, आणि संगणक बंद करून सुरू केला तरी तेथून हलत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये आयडीई चॅनेलच्या 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये हे दिसते. तो चॅनेल तेथून 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हा सुरू केला, की विंडोज त्याला नव्याने ओळखते व जलद मार्ग परत मिळतो. आम्हाला तो मिळाला, आणि सात, आठ, नऊ या फायली त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उतरल्या.

सहाव्या फाइलीसाठी डिस्क संगणकातून काढून, आयडीईचे यूएसबीत रूपांतर करणाऱ्या स्वस्त अडॅप्टरला जोडून, नव्या संगणकावर लिनक्समधील डीडीरेस्क्यू हे साधन चालविले. विंडोजची नेहमीची नक्कल पहिल्या अडथळ्याशी सारे काम टाकून देते. हे साधन अडथळा ओलांडून पुढचे सर्व वाचून घेते, आणि वाचता न आलेल्या जागांकडे मागाहून पुन्हा पुन्हा वळते. अखेर थोडे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे लहान कप्पे, राहिलेच. पण डीव्ही चित्रणाची रचना उदार आहे : सेकंदाला पंचवीस चित्रे, प्रत्येक चित्र १,४४,००० बाइटांचे आणि शेजारच्या चित्रावर अवलंबून नसलेले, म्हणून ५१२ बाइटांचा एक सेक्टर गेला तर एका चित्रातील काही चौकटी बिघडतात, इतकेच. तबलजींच्या खांद्याजवळ क्षणभर रंग फुटलेले दिसतात आणि गाणे पुढे चालू राहते.

ही अडॅप्टरची युक्ती, डिस्क चांगली असली तरीही, मी पहिल्या दिवशीच करावयास हवी होती असे आता वाटते. जुन्या संगणकाची सर्व दुखणी, म्हणजे सैल खाचा, थकलेला वीजपुरवठा, अपुरी स्मृती, जुनी विंडोज, त्यामुळे एकदम बाजूला राहतात.

इंटरनेटने पाठवावे काय, असे पुष्कळ जण विचारतात. हिशेब करून पाहावा. एक मेगाबिटच्या गतीने वर चढविणारी जोडणी असेल तर १३ जीबीच्या एका फाइलीला सुमारे २९ तास लागतात. आमची डिस्क कराड-पेठनाक्यावरून एसटीने त्याच दिवशी साताऱ्यास आली. शिवाय एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या सुरक्षित संकेतस्थळांशी बोलूच शकत नाही. त्याहून नव्या संगणकावरही सर्व संकेतस्थळे एकाएकी 'असुरक्षित' दिसू लागली, तर कोपऱ्यातील दिनांक पाहावा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी संपली, की संगणकाचे घड्याळ मागे जाते आणि संकेतस्थळांच्या दाखल्यांच्या मुदती त्याला जुळत नाहीत. थोड्या पैशांत येणारी ती बॅटरी बदलली की काम होते. जुना व नवा संगणक केबलने जोडू पाहणाऱ्यांना ते एकमेकांस दिसत नाहीत, याचे कारण बहुधा असे, की एक्सपी ज्या जुन्या एसएमबी भाषेत बोलते ती विंडोज १० ने २०१७ पासून सुरक्षेसाठी बंद ठेवली आहे. ती पुन्हा चालू करण्यापेक्षा अडॅप्टर बरा.

आता रुजवात, म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहणे. तहसील कचेरीतून मिळणाऱ्या जुन्या नकलेच्या पायथ्याशी 'नक्कल करणार' आणि 'रुजवात घेणार' अशा दोन सह्या असत. नक्कल केली म्हणजे काम झाले असे आपल्या दप्तरांनी कधी मानले नाही. इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत बसून पटवर्धनांच्या दप्तरातील मोडी कागद वाचून, उतरून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, त्या कामाचे मोल प्रत मुळाबरहुकूम असण्यावरच उभे आहे. संगणकाच्या नकलेलाही हाच न्याय लागू आहे, कारण 'पूर्ण झाले' हे पडद्यावरचे शब्द फक्त लिहिणे संपल्याचे सांगतात. सदोष स्मृती किंवा बनावट क्षमतेचा पेन ड्राइव्ह असेल तर लिहिलेले चुकीचे असूनही ते शब्द येतातच. बनावट ड्राइव्ह स्वतःस ६४ जीबी म्हणवितो, आत आठच असतात, आणि त्यापुढचे सर्व तो मुकाट्याने गमावतो. एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन ड्राइव्ह पूर्ण भरून व परत वाचून त्याची खातरजमा करून देते.

रुजवातीची रीत सोपी आहे. प्रथम मूळ व नक्कल यांचे आकार बाइटांत ताडावेत. 'साइज ऑन डिस्क' हा आकडा घेऊ नये, तो डिस्कगणिक बदलतो. मग सेव्हन-झिपच्या अलीकडच्या आवृत्तीत, फाइलीवर उजवी कळ दाबून, शा-२५६ हा पर्याय दोन्हीकडे चालवावा. तो संपूर्ण फाइल वाचून चौसष्ट अक्षरांची एक मुद्रा काढून देतो, आणि १३ जीबींत एक बाइट जरी निराळा असला तरी ती मुद्रा ओळखू न येण्याइतकी बदलते. दोन्ही मुद्रा जुळल्या तरच वहीत खूण करावी, आणि सर्व खुणा झाल्याशिवाय मूळ फाइल पुसू नये. डिस्क काढताना 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ती ओढू नये. शेवटचे काही बाइट अजून संगणकाच्या हातात असू शकतात.

आमच्या वहीत नऊपैकी आठ फायलींपुढे जुळल्याची खूण आहे. सहावीपुढे 'मूळ सदोष, मिळाली तेवढी' असे लिहून तिच्या नव्या प्रतीची मुद्रा खाली उतरवून घेतली आहे. एक डिस्क साताऱ्यात माझ्या कपाटात, दुसरी सांगलीत माडीवर. दर दिवाळीला दोन्ही लावून मुद्रा पुन्हा काढायच्या असे ठरले आहे, कारण न वापरता ठेवलेली डिस्कही बिघडते.

मुद्रा काढण्याइतका वेळ नसेल त्या दिवशीही एक गोष्ट करता येते. अर्धवट गेलेली फाइल सुरुवातीला पुष्कळदा उत्तम चालते, म्हणून तिची पहिली नव्हे, शेवटची दोन मिनिटे लावून पाहावीत. आम्ही त्या नऊही बैठकींची अखेर ऐकली. प्रत्येकीत भैरवी संपते, कोणीतरी पानाचे तबक पुढे करते, आणि तंबोरा खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत फाइल चालू राहते.